पॉइंट्स यजमानांचे, गुडघे तुमचे

प्रश्न: मी ठाण्याची, वय 58. मुलगी न्यू जर्सीत असते. तिचं पहिलं बाळंतपण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मी जानेवारीच्या मध्यावर तिच्याकडे पोहोचावं असं ठरलंय. यजमानांना मोठी रजा मिळत नाही. ते एप्रिलअखेर निवृत्त होतील आणि मे महिन्यात येतील. जुलैत दोघं एकत्र परतू.

त्यांना क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सचा नाद आहे. 3 लाख 80 हजार पॉइंट्स साठलेत. बँकेच्या पोर्टलवरून विमानाचं तिकीट काढलं तर एक पॉइंट म्हणजे एक रुपया, पण बिलाच्या 70 टक्क्यांपर्यंतच. काही विमान कंपन्यांकडे हे पॉइंट्स एकास एक वळवताही येतात. त्यांचं म्हणणं, बिझनेस क्लासचं परतीसह तिकीट साडेचार लाखांचं आहे, दोघांचे नऊ लाख वाचतील, ‘पोर्टलवर पॉइंट्स उडवणं म्हणजे पाप’. रोज रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडून सीट शोधतात आणि ‘थांब, उघडतील’ म्हणतात. इकडे इकॉनॉमी परतीसह 95 हजार, एकेरी 60 हजारांवर गेलंय. मला गुडघ्यांचा त्रास आहे, पाय पसरून झोपायला मिळालं तर हवंच आहे; पण एवढी चैन आपल्याला शोभते का, असंही वाटतं. एकटीने विमानप्रवास कधी केलेला नाही. मुलगी रोज विचारते, तिकीट झालं का? काय करू?

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात एक गणित दडलेलं आहे, ते आधी मांडते. बिझनेस क्लासची एका बाजूची एक जागा साधारण एक लाख माइल्सना (पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवले की त्यांचे माइल्स होतात) मिळते असं धरू. कंपनी, मार्ग आणि तारीख यांप्रमाणे हा आकडा बराच खाली-वर होतो, पण हिशेबाला सोपा आहे. दोन माणसं, जाऊन-येऊन, म्हणजे चार जागा, चार लाख. तुमच्याकडे 3 लाख 80 हजार आहेत. यजमानांची योजना पूर्ण व्हायला वीस हजार कमी पडतात. ‘थांब’ या शब्दामागे सीट उघडण्याची वाट जितकी आहे, तितकीच हे वीस हजार भरून निघण्याची असावी, असा मला संशय आहे. एकदा थेट विचारून बघा. चिडून नको, चहा देताना विचारा.

आता नऊ लाखांबद्दल. साडेचार लाखांचं तिकीट तुम्ही दोघांनी खिशातून कधी काढलं असतंत का? पत्रावरून तरी वाटत नाही. जो खर्च होणारच नव्हता तो वाचला कसा म्हणायचा? पॉइंट्सवाल्या मंडळींचा हा लाडका हिशेब आहे: तिकिटाची छापील किंमत भागिले माइल्स, आणि मग ‘मला एका पॉइंटचे सव्वादोन रुपये मिळाले’. ऐकायला छान वाटतं. पण त्याच पॉइंट्सचं तुम्ही दुसरं काय केलं असतंत, त्याच्याशी तुलना केली तरच त्याला अर्थ आहे. तुमच्या घरी ते दुसरं काहीतरी स्पष्ट आहे: पोर्टलवर एक रुपया भावाने इकॉनॉमीची तिकिटं.

म्हणून दोन वाटा शेजारी ठेवून बघू. पहिली, सगळं इकॉनॉमी. दोघांचे 1 लाख 90 हजार; त्यातले 1 लाख 33 हजार पॉइंट्समधून, 57 हजार रोख. शिल्लक 2 लाख 47 हजार पॉइंट्स. दुसरी, जाताना दोघंही आपापल्या वेळी इकॉनॉमीने एकेरी, येताना दोघं बिझनेसने. जाण्याची दोन तिकिटं 84 हजार पॉइंट्स आणि 36 हजार रोख. येण्याचे दोन लाख माइल्स, वर कर वगैरे समजा 30 हजार. शिल्लक 96 हजार. दोन्हींतला फरक 1 लाख 51 हजार पॉइंट्स आणि 9 हजार रुपये, म्हणजे सगळं मिळून 1 लाख 60 हजार. माणशी 80 हजार. विमानात एक रात्र आडवं होऊन झोपण्याची तुमच्या घरातली खरी किंमत ही. साडेचार लाख हा आकडा बाजूला ठेवा आणि शून्यही बाजूला ठेवा, कारण यजमान म्हणत असतील ‘फुकट आहे’, तर तेही खरं नाही. कार्डाची वार्षिक फी असते, आणि पॉइंट्सच्या लोभाने केलेली खरेदीही त्यात धरायला हवी.

ऐंशी हजार देऊन गुडघ्यांना एक रात्र आराम द्यावा का? याचं उत्तर तुम्ही द्यायचं. ‘शोभतं का’ हा प्रश्न मात्र मी मोडीत काढणार आहे. सहा महिने बाळंतिणीचं आणि बाळाचं करून अठ्ठावन्नाव्या वर्षी परत येणाऱ्या बाईने पाय पसरून झोपावं की नाही, यात शोभण्याचा प्रश्न येतोच कुठे? पैसे आहेत का, आणि त्यांचा याहून बरा उपयोग आपल्याला हवा आहे का, एवढंच बघा.

गुडघ्यांसाठी बिझनेस क्लास ‘गरजेचा’ आहे अशी तुमची समजूत असेल तर तीही तपासून घ्या. सपाट होणाऱ्या आसनाने गुडघे आखडत नाहीत, हे खरं. पण लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याची जी भीती असते, तिचा संबंध तिकिटाच्या वर्गापेक्षा हालचाल न करण्याशी अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अभ्यासात चार तासांहून मोठ्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं, तरी तो सहा हजारांत एक इतकाच भरला. अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2012 च्या मार्गदर्शनात म्हटलं, की इकॉनॉमीत बसल्यामुळेच गुठळी होते याला ठोस पुरावा नाही. खिडकीशी अडकून पडलेला माणूस उठत नाही, तो जास्त धोक्यात. म्हणजे आइल सीट घ्या, दर दीड-दोन तासांनी विमानाच्या मागच्या टोकापर्यंत चालून या. आणि पायमोजे, गोळ्या यांबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

आता तुमच्या अडचणीचा गाभा. पॉइंट्सवर मिळणाऱ्या बिझनेसच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्या असतात. बऱ्याच कंपन्या त्या दोन टप्प्यांत सोडतात: एकदा प्रवासाच्या अकरा-बारा महिने आधी बुकिंग उघडतं तेव्हा, आणि मग न खपलेल्या जागा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. मधल्या काळात तुरळक. तुमचं जाणं जानेवारीत. पहिला टप्पा निघून गेला आणि दुसऱ्यासाठी तुम्हाला जानेवारी उजाडेपर्यंत तिकिटाशिवाय बसावं लागेल. ज्याला ‘या आठवड्यात नाही तर पुढच्या’ म्हणता येतं त्याच्यासाठी हा खेळ आहे. बाळंतपणाला निघालेल्या आईसाठी नाही.

परतीचं मात्र उलट आहे. तारीख तुमच्या हातात, आठवडाभर अलीकडे-पलीकडे चालणार, आणि पुढच्या जुलैच्या जागा बहुतेक कंपन्यांकडे आत्ता, सप्टेंबरात उघडलेल्या आहेत. यजमानांनी रोज रात्री लॅपटॉप उघडून शोधायला हवं ते हे. जानेवारी सोडा, जुलै धरा, असं त्यांना सांगितलंत तर त्यांच्या छंदालाही न्याय मिळेल. तो छंद मी कमी लेखत नाही. बराच अभ्यास लागतो त्याला.

म्हणून माझा कौल दुसऱ्या वाटेला: जाताना पोर्टलवरून साधं तिकीट, येताना माइल्सवर बिझनेस. पण आधी जुलैची जागा हाती येऊ द्या. कारण ती मिळाली नाही तर एकेरी 60 हजार देण्यात तोटा आहे. मग सरळ परतीसह 95 हजारांचं घ्यावं. यजमानांना दसऱ्यापर्यंतची मुदत द्या. तोवर जुलैच्या दोन जागा मिळाल्या तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या दिवशी परतीसह इकॉनॉमी बुक, चर्चा बंद. परतीची तारीख बदलता येईल असं भाडं घ्या, थोडं महाग पडलं तरी. आणि एकेरी तिकिटावर अमेरिकेत उतरणार असाल तर परतीच्या बुकिंगचा कागद हातात असलेला बरा. इमिग्रेशनवाला विचारू शकतो, परत कधी जाणार.

एकटीच्या प्रवासाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, तेही शेवटाकडे. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माइल्सवरच्या जागा बऱ्याचदा आडवळणाच्या मार्गावर मिळतात: मुंबईहून एका शहरात, तिथे सात तास, मग दुसरं विमान. सिंगापूर एअरलाइन्सची बिझनेस क्लासची कीर्ती मोठी आहे, आणि लांब पल्ल्याच्या त्या जागा ही कंपनी बहुतेक क्रिसफ्लायर या स्वतःच्या माइल्स कार्यक्रमाच्या सदस्यांसाठीच राखते. म्हणून पॉइंट्सवाले क्रिसफ्लायरवर जीव टाकतात. पण मुंबईहून न्यूयॉर्कला सिंगापूरमार्गे जायचं म्हणजे आधी साडेपाच तास पूर्वेला आणि मग तिथून अठरा तासांच्या वर. ठाण्याहून दादरला जायला आधी कसारा गाठण्यासारखं. आसन कितीही रुंद असलं तरी.

पहिल्यांदा एकटी जाणाऱ्या बाईने माझ्या मते या क्रमाने बघावं: शक्य तर थेट विमान, नाहीतर एकच बदल, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, मध्ये किमान अडीच-तीन तास. अबू धाबीमार्गे गेलात तर एक सोय आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम 2014 पासून तिथल्या विमानतळावरच उरकतं, न्यूयॉर्कला उतरलात की सामान घेऊन सरळ बाहेर. त्या लांबलचक रांगेत एकटीने उभं राहण्याची धास्ती ज्यांना असते त्यांना हा मार्ग मी सुचवते. क्लासचा विचार या सगळ्यानंतर. प्रीमियम इकॉनॉमीही बघा. पाय ठेवायला जागा बरी असते. फक्त 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमीच्या वरच्या सगळ्या वर्गांवर 18 टक्के जीएसटी आहे, इकॉनॉमीवर 5, हे भाडं बघताना लक्षात असू द्या.

यजमानांना वाचून दाखवायचा भाग आता. तुमच्यासारखी आणखी बरीच घरं आहेत, त्यांच्याही कामाचा.

जागा समोर दिसल्याशिवाय बँकेतून विमान कंपनीकडे पॉइंट्स वळवू नका. एकदा गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. काही ठिकाणी ते मिनिटांत पोहोचतात, काही ठिकाणी दिवस लागतात, आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते. दिसणारी जागाही कधी कधी भासच असते. दुसऱ्या कंपनीच्या साइटवर ताडून पाहा किंवा कॉल सेंटरला विचारा. आपल्या कार्डाचं गुणोत्तर प्रत्येक कंपनीसाठी वेगळं असतं, आणि वर्षाला किती पॉइंट्स वळवता येतील यावर काही बँकांनी मर्यादा घातलेली आहे, तेही आधी बघावं. खातं ज्याचं त्याच्याच नावावर पॉइंट्स जातात, पण तिथून बायकोचं तिकीट काढता येतं. क्रिसफ्लायरमध्ये आधी पाच जणांपर्यंत नावं नोंदवावी लागतात. एक जागा शोधणं दोन जागांपेक्षा पुष्कळ सोपं. दोघांना एकाच विमानात मिळत नसेल तर एक दिवसाच्या अंतराने यायची तयारी आहे का, हेही आत्ताच बोलून घ्या. तुम्हाला एकटीने परतायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

‘माइल्समध्ये तिकीट’ म्हणजे खिशातून काहीच जात नाही, असं नसतं. विमानतळाचे कर लागतातच, वर काही कंपन्या स्वतःचा अधिभार लावतात. ब्रिटिश एअरवेज त्यासाठी बदनाम आहे. बिझनेसच्या एका बाजूला तो इतका असतो की त्यात इकॉनॉमीचं तिकीट यायचं. उलट युनायटेड आणि एअर कॅनडाचा एरोप्लॅन हे कार्यक्रम असा अधिभार लावत नाहीत. दोन्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातले, म्हणजे त्यांच्या माइल्सवर लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, आपली एअर इंडिया अशी विमानं मिळू शकतात. तुमच्या बँकेचा यांच्याशी करार असेल तर तिथून सुरुवात करा. एअर फ्रान्स-केएलएमचा फ्लाइंग ब्लू दर महिन्याला काही मार्गांवर सवलत जाहीर करतो, त्यावरही नजर ठेवता येईल, अधिभाराचा आकडा शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघायचा एवढंच. आणि तिकीट रद्द केलं तर किती माइल्स परत येतात, हे बुक करण्याआधी वाचा. कुठे नाममात्र फी असते, कुठे अर्ध्याहून जास्त माइल्स कापले जातात.

आणि साठवत राहू नका. ‘पोर्टलवर उडवणं पाप’ म्हणणाऱ्या यजमानांना जेट एअरवेजची आठवण असेलच, मुंबई-ठाण्यात तर ती घरोघरी होती. 17 एप्रिल 2019 ला तिचं शेवटचं विमान उडालं. जेटप्रिव्हिलेजचे माइल्स कागदावर राहिले, पुढे कार्यक्रमाचं नाव इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानासाठी लोकांनी ते जमवले होते ते उडेनासं झालं. कंपनी बंद पडायलाही नको. एका सीटला लागणारे माइल्स कंपनी वाढवते, बँक गुणोत्तर बदलते, आणि त्यात आपल्याला विचारत कोण? हे माइल्स आपली ठेव नाहीत, कंपनीचा धंदा आहेत. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने असा कार्यक्रम सुरू केला तो नेहमीचं गिऱ्हाईक टिकवायला. आज कंपन्या बँकांना माइल्स विकून एवढे कमावतात की 2020 च्या कोविडकाळात युनायटेडने आपला माइल्सचा कार्यक्रम तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले. विमानं जमिनीवर उभी होती, तरी सावकाराला माइल्सचा धंदा भरवशाचा वाटला!

ज्यांच्या कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जात नाही त्यांनी हे सगळं विसरावं. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं, वर्षाला चाळीसच्या वर. कुठलेही पॉइंट्स ते भरून काढत नाहीत. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण असे प्रश्न विचारणाऱ्या निम्म्या पत्रांत दिसतं.

पॉइंट्सचं लॉगिन तुम्हालाही ठाऊक असू द्या. खर्च घराचा आहे, पॉइंट्सही घराचे. जुलैची जागा एखाद्या रात्री यजमान झोपलेले असताना उघडली, तर तुम्हीच बुक करून मोकळ्या व्हाल.

रोख पैसे हातात असतील तर ते आधी तुमच्या प्रवासी आरोग्य विम्यावर घाला. गुडघ्यांचा त्रास आधीपासून आहे, असे जुने आजार त्यात धरले जातात का, हे विचारून घ्या. अमेरिकेत दवाखान्याची एक फेरी या सगळ्या पॉइंट्सचा चुराडा करू शकते. सामानाचं म्हणाल तर त्या मार्गावर बऱ्याच कंपन्या इकॉनॉमीत 23 किलोच्या दोन बॅगा देतात, बिझनेसला 32 च्या दोन. डिंक, हळीव, खारीक तुम्ही जाताना नेणार, म्हणजे इकॉनॉमीत, तेव्हा घरीच वजन करून निघा, आणि खाण्याचे पदार्थ कस्टमपासून लपवू नका.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि गुडघे दुखत असताना ती मागण्यात संकोच कसला? मदतनीस चेक-इनपासून विमानाच्या दारापर्यंत सोडतो, मध्ये विमान बदलायचं असेल तर तिथेही न्यायला येतो. एकटीने जाण्याची अर्धी धास्ती तिथेच कमी होते. राहून गेलं तर निघण्याच्या किमान दोन दिवस आधी कंपनीला फोन करून नोंदवा, आणि बोर्डिंग पासवर तशी नोंद आली आहे का, हे काउंटरवरच बघून घ्या.